१७ एमएमचा मणी

आमची आत्या तासगावजवळ असते, घरची द्राक्षं, आणि फेब्रुवारी-मार्च आला की दिवसभर बेदाण्याच्या शेडवर. गंधकाच्या धुरीनं म्हणा किंवा कशानं, यंदा तिला खोकला लागला तो दीड महिना हटेना, मग मिरजेला नेलं. आमच्या भागात दवाखाना म्हणजे मिरजच, १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची सवय आहे ती, कर्नाटकातनंही माणसं येतात. एक्सरेत काहीतरी ठिपका वाटला म्हणून छातीचा सीटी स्कॅन झाला. फुफ्फुसं एकदम क्लीन निघाली. सुटलो बाबा म्हणून समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि मी उगाच रिपोर्टची शेवटची ओळ वाचली. थायरॉइडच्या उजव्या भागात १७ एमएमची गाठ दिसतेय, सोनोग्राफी करून घ्या.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात. मामांचं सगळं आयुष्य एमएममध्ये गेलंय, द्राक्षाचा मणी १६ चा झाला का १८ चा झाला हीच चर्चा. ते म्हणाले, "१७ म्हणजे एक्सपोर्टला एकच एमएम कमी पडला की." आत्या हसली नाही. गाठ म्हटलं की आपल्याकडं थेट कॅन्सर, मधलं स्टेशनच नसतं.

घरात सायन्स शिकलेली मीच, त्यामुळं पुढचे आठ दिवस फोनवर हेच समजावत होते, ते इथं लिहून ठेवते.

पहिला प्रश्न आत्याचाच होता, फोटो छातीचा काढला मग गळ्यातली गाठ कशी दिसली? तर छातीचा स्कॅन गळपट्टीच्या हाडाच्या जरा वरनं सुरू होतो आणि थायरॉइड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी श्वासनळीला पुढून चिकटून बसलेली असते, सीटी अंगाचे आडव्या चकत्यांसारखे फोटो काढतो, तर तिचा खालचा भाग त्या पहिल्या काही चकत्यांमध्ये आपोआप येतो. आणि ती उठून दिसते. कारण आयोडीन. आपल्या अंगात सगळं मिळून १५-२० मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि त्यातला ७०-८० टक्के साठा एकट्या थायरॉइडकडं, कारण तिचं हार्मोन त्याच्यापासनंच बनतं. आयोडीनचा अणू जड, तो एक्सरे चांगले अडवतो, म्हणून शिरेतनं कुठलंही औषध न सोडता सुद्धा ही ग्रंथी आजूबाजूच्या स्नायूंपेक्षा पांढरी दिसते. गाठीतल्या पेशी बहुतेक वेळा एवढं आयोडीन साठवत नाहीत, मग पांढऱ्यात एक काळपट डाग दिसतो. म्हणजे पुड्यातल्या मिठातलं आयोडीनच एका अर्थी गाठ दाखवून देतं.

पण सीटी एवढंच सांगतो की डाग आहे. तो कशाचा, आत पाणी आहे का घट्ट मांस आहे, कडा गुळगुळीत आहेत का दातेरी, हे त्याला नीट कळत नाही, थायरॉइड बघायला सोनोग्राफीच चांगली. लोकांना हे उलटं वाटतं, महागडं मोठं मशीन म्हणजे जास्त कळणार असं, तसं नाहीये.

बरं, अशा गाठी किती जणांना असतात? हाताला लागण्याएवढी गाठ १०० बायकांत साधारण ५ जणींना आणि १०० पुरुषांत एखाद्याला. भलत्याच कारणासाठी सीटी किंवा एमआरआय काढला तर १०० तल्या साधारण १६ जणांत दिसते. आणि चांगल्या सोनोग्राफीनं मुद्दाम शोधायला बसलं तर वेगवेगळ्या अभ्यासांत १०० तल्या १९ पासून ६८ जणांपर्यंत सापडल्यात. वयाबरोबर वाढतात, बायकांमध्ये जास्त. म्हणजे आत्याच्या भिशीतल्या बाया ओळीनं झोपवून मशीन फिरवलं तर निम्म्याशिम्म्या जणींकडं काही ना काही निघेल. तपासणीपर्यंत पोचलेल्या गाठींमध्ये कॅन्सर साधारण ७ ते १५ टक्के, आणि त्यातला बहुतेक पॅपिलरी जातीचा, जो अतिशय मंद असतो. किती मंद, तर फिनलंडमध्ये १९८५ साली एक अभ्यास आला, त्यात १०१ मृतदेहांच्या थायरॉइडच्या बारीक चकत्या काढून बघितल्या तर ३५.६ टक्के लोकांमध्ये बारीकसा पॅपिलरी कॅन्सर होता. ही माणसं दुसऱ्याच कशानं गेली होती.

मग शोधूच नये का? इथं दक्षिण कोरियाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. तिथं १९९९ मध्ये सरकारनं कॅन्सर तपासणीची मोहीम सुरू केली, थायरॉइड त्यात नव्हताच, पण दवाखान्यांनी थोडे जादा पैसे घेऊन तीही सोनोग्राफी करून द्यायला सुरुवात केली आणि लोकांनी करून घेतली, आलोच आहोत तर तेवढंही बघून टाकू म्हणून (हे वाक्य आपल्याकडच्या फुल बॉडी चेकअपमध्ये सुद्धा ऐकू येतं). २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांवर नवे पेशंट. आणि या कॅन्सरनं मरणाऱ्यांचा आकडा? जवळजवळ होता तिथंच, वर्षाला तीन-चारशे. एवढे पेशंट लवकर सापडले, एवढी ऑपरेशनं झाली, तर मृत्यू कमी व्हायला नको होते का? झाले नाहीत, कारण सापडलेले बहुतेक कधी त्रास देणारच नव्हते. पण पूर्ण ग्रंथी काढलेल्यांना थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची, गोळी जन्मभर, काहींना शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागून कॅल्शियमची भानगड, काहींचा नस दुखावून आवाज बसला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर आवाज उठवला तेव्हा कुठं ऑपरेशनं धडाधड कमी झाली. मला विचाराल तर काही त्रास नसताना हौसेनं गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ नये, अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनंही २०१७ मध्ये असंच सांगितलंय.

जपानमधल्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलनं तर १९९३ पासनंच वेगळी वाट धरली होती. १ सेंटिमीटरपर्यंतचा, बिनधोक्याचा वाटणारा पॅपिलरी कॅन्सर सुईनं (म्हणजे गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी तपासून) पक्का झाला तरी लगेच कापायचा नाही, लक्ष ठेवायचं. अशा १,२३५ पेशंटमध्ये १० वर्षांत गाठ ३ एमएमनं वाढली ती साधारण ८ टक्के जणांची. वाढली त्यांचं तेव्हा ऑपरेशन केलं, आणि या कॅन्सरनं त्यातलं कुणी दगावलं नाही.

आत्याचं मात्र आधीच सापडलेलं होतं. त्यासाठी रेडिओलॉजिस्ट लोकांचा साधा हिशोब असतो. स्कॅनमध्ये अचानक दिसलेली गाठ, पेशंट ३५ च्या आतला तर १ सेंटिमीटरपासून पुढं सोनोग्राफी, ३५ च्या वर असेल तर दीड सेंटिमीटरपासून, त्याहून लहान असेल तर सहसा सोडून द्यायची. आत्या ६१ ची, गाठ १७ एमएम, म्हणजे सोनोग्राफी बरोबरच सांगितली होती. गळ्यातल्या लसिकाग्रंथी विचित्र दिसत असतील किंवा गाठ बाजूच्या भागात घुसतेय असं वाटलं तर मात्र साइज बघायचीच नाही, तपासायचं. पेट स्कॅनमध्ये (त्यात जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकतात) नेमकी ती गाठच चमकली तरी तपासायचं, तिथं तीनातली साधारण एक कॅन्सरची निघते. लहानपणी गळ्याला रेडिएशन दिलेलं असेल, घरात कुणाला थायरॉइड कॅन्सर झालेला असेल, आवाज बसून राहिलाय, गाठ कडक आहे आणि भराभर वाढतेय, असं काही असेल तर वरची आकडेवारी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

टीएसएच, म्हणजे थायरॉइड नीट काम करतेय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल आला. मग सोनोग्राफी. "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" या पाटीखाली ६१ वर्षांची आत्या तोंड पाडून बसलेली, मला हसू आवरेना. आत डॉक्टर बघतात ते असं की गाठ घट्ट आहे का पाण्याची का स्पंजसारखी, बाजूच्या ग्रंथीपेक्षा काळी दिसते का, आडवी पसरलीय का उभी वाढलीय, कडा कशा आहेत, आत चुन्याचे बारीक कण आहेत का. प्रत्येकाला मार्क, बेरजेवरनं टीआर १ ते टीआर ५ अशी श्रेणी, आकडा जेवढा मोठा तेवढा संशय जास्त. आत्याची घट्ट पण बाजूच्या ग्रंथीसारख्याच रंगाची, आडवी, गुळगुळीत, कण नाहीत. टीआर ३. यात सुई अडीच सेंटिमीटरपासून पुढं घालतात, दीडपासून नुसतं लक्ष ठेवतात, १, ३ आणि ५ वर्षांनी सोनोग्राफी. टीआर ५ असती तर १ सेंटिमीटरलाच सुई घातली असती.

या रिपोर्टमध्ये गाठ १६ एमएम होती. मामा खूश, "बघ, एक एमएम उतरली!" त्यांना सांगितलं, मशीन वेगळं, मोजणारा हात वेगळा, एखाद-दुसरा एमएम इकडंतिकडं होतोच. वाढली असं म्हणायला निदान दोन बाजूंनी २० टक्के आणि कमीत कमी २ एमएम वाढ लागते. हे त्यांना लगेच पटलं, व्यापारी मणी मोजतो तेव्हा नेमका एक एमएम कमीच भरतो म्हणे.

खोकला शेडवर जाणं बंद केल्यावर पंधरा दिवसांत गेला. गाठ कळली तशी आत्यानं आरशात गळा दाबून बघायचा नाद लावून घेतला होता, तोही हळूहळू सुटला. फाइल आता पासबुकांच्या पिशवीत आहे.

"वर्षानं म्हणजे परत ऐन बेदाण्यात की गं," ती परवा म्हणाली, "एप्रिलची छाटणी उरकून गेलं तर चालतंय का विचार डॉक्टरला." विचारलं. चालतंय म्हणाले.