‘सेटिंग फिक्स’ म्हणजे नक्की काय: आपल्या लीगमधल्या सेटअपच्या भांडणाची पार्श्वभूमी

गणपती झाले, चाकरमानी परत गेले, की आपल्या कॉम्प्युटरवरच्या ऑनलाईन कार रेसिंग लीगचा नवा सीझन सुरू होतो आणि दरवर्षी पहिल्याच आठवड्यात तेच भांडण निघतं, सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, फिक्स (सगळ्यांना एकच) ठेवायचा की ओपन (ज्याचा त्याचा). नवीन आलेल्या पोरांना कळतच नाही की जुनी माणसं एवढ्या तेवढ्यावरून एकमेकांना आडनावाने का हाका मारायला लागतात. म्हणून हे एकदा लिहून ठेवतोय. लीगचं नाव घेत नाही, माणसांची तर नाहीच, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मी स्वतः कुठल्याच बाजूचा नाही असं म्हणणार होतो, पण माझ्याबरोबर रेस केलेले लोक हसतील, तर जाऊदे.

आधी शब्दाचा गुंता, कारण अर्धं भांडण शब्दांचंच आहे. आपल्याकडे ‘ट्यूनिंग’ म्हणजे नाक्यावरच्या गॅरेजमधलं ट्यूनिंग. स्कूटर पिकअप घेत नाही, चढणीला मान टाकते, सकाळी किक मारून पाय दुखतो, मग मेस्त्री प्लग काढून घासणार, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकणार, मग हवेचा स्क्रू पाव आटा इकडे पाव आटा तिकडे करून कान देऊन ऐकत बसणार. तो खरा ट्यूनर होता. १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम लागू झाला, नव्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलं आणि तो स्क्रू गेला, आणि त्याच महिन्यात आम्ही सगळे लॉकडाऊनमध्ये घरी बसून कॉम्प्युटरवरच्या गाडीचे स्क्रू फिरवायला लागलो, हा निव्वळ योगायोग.

मग दुसरं ट्यूनिंग म्हणजे सायबर कॅफेतलं. नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २००३ ला आला, दुसरा भाग २००४ ला. तिथे ट्यूनिंग म्हणजे टर्बो, नायट्रस आणि गाडीखाली निळी लाईट. दुसऱ्या भागात डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी चढवून गिअर रेशो नि सस्पेन्शन हलवता यायचं, पण तासाला पैसे मोजणारं पोरगं डायनोवर कशाला बसेल. त्यामुळे आमच्या वयाच्या लोकांच्या डोक्यात ट्यूनिंग म्हणजे गाडीची ताकद वाढवणं, हे घट्ट बसलं.

सिममध्ये, म्हणजे खऱ्या गाडीसारखी गाडी चालवायच्या गेममध्ये, तसं नसतं. सगळ्यांची गाडी तीच, इंजिन तेच, वजन तेच. बदलतो तो सेटअप, म्हणजे टायरचं प्रेशर, कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर), स्प्रिंग, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी), डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), विंग (हवेने गाडी रस्त्यावर दाबणारं पातं), डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा). यातून ताकद एक घोडाही वाढत नाही, ती आहे तेवढी रस्त्यावर कशी उतरते ते बदलतं. आणि ‘सेटअप’ हा शब्द आपल्या तोंडात आला की त्याचं ‘सेटिंग’ होतं, आणि सेटिंग म्हणजे मराठीत काय ते सांगायला नको, ग्रामपंचायतीपासून टेनिस बॉलच्या टुर्नामेंटपर्यंत सेटिंग लागते. पहिल्यांदा ग्रुपवर मेसेज पडला ‘पुढच्या रेसपासून सेटिंग फिक्स’, तेव्हा एका नवीन मेंबरने खरंच विचारलं होतं की जिंकणार कोण ते आधीच ठरलंय का. तेव्हा सगळे हसले, पुढे वर्षभराने तोच प्रश्न लोकांनी गंभीरपणे विचारला.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर आलेल्या रेव्ह्ज या रेसिंग गेममध्ये पुढची-मागची विंग बदलता यायची, म्हणजे सेटअपची सवय तेवढी जुनी आहे. १९९८ चं ग्रँड प्रिक्स लेजेंड्स, १९६७ च्या गाड्या, विंग नाहीच, सगळा खेळ स्प्रिंग, डिफरन्शियल नि उजव्या पायाचा. मग २००५ चं आरफॅक्टर. हे सगळं कोकणात किती जणांनी खेळलं असेल? एका हाताची बोटं पुरतील.

महत्त्वाचं वर्ष २००८. वर्गणी भरून खेळायचं आयरेसिंग तेव्हा सगळ्यांना खुलं झालं आणि त्यांच्याकडे काही सिरीज फिक्स सेटअपच्या, काही ओपनच्या, अशी सरळ विभागणी होत गेली. आज आपण जे दोन शब्द एकमेकांच्या अंगावर फेकतो ते बहुतेकांच्या कानावर तिथूनच आले. दुसरीकडे प्लेस्टेशनवर २०१७ च्या ग्रान तुरिस्मो स्पोर्टने ऑनलाईन रेसला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स लावला, गाड्यांची ताकद आणि वजन गेमच ठरवणार, आणि बहुतेक रोजच्या रेसमध्ये सेटिंगच्या पानाला हात लावायचा नाही. म्हणून आमच्यात जो कन्सोलवरून आला त्याला फिक्स हा निसर्गनियम वाटतो, आणि जो पीसीवर असेटो कोर्सा या सिमच्या मॉड (लोकांनी बनवलेल्या जादा गाड्या नि ट्रॅक) डाऊनलोड करत वाढला त्याला फिक्स म्हणजे हात बांधून पोहायला सांगितल्यासारखं. दोघेही आपल्या जागी बरोबर, हे दोघांनाही मान्य नाही.

कोकणात खरा रेस ट्रॅक एकही नाही. आम्ही दिल्लीजवळचं बुद्ध सर्किट बघितलं तेसुद्धा आधी गेममध्ये, २०११ चा एफ-वन गेम सप्टेंबरात आला आणि खरी रेस ३० ऑक्टोबरला झाली. ऑनलाईन लीग तर स्वप्नातही नव्हती, ब्रॉडबँड म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं, आणि पावसात ती तार आंब्याच्या फांदीसकट खाली. २०१६ मध्ये दोन गोष्टी झाल्या. सप्टेंबरात स्वस्त फोर-जी आलं ते सगळ्यांना आठवतं. त्याआधी जूनमध्ये एका मोठ्या क्लाउड कंपनीने मुंबईत सर्व्हर सुरू केले, ते कोणाला आठवत नाही, पण आपल्यासाठी तेच मोठं. युरोपातल्या सर्व्हरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या वर, समोरची गाडी बेडकासारखी उड्या मारत जायची. मुंबईचा सर्व्हर भाड्याने घेतला आणि गावातून सुद्धा मागच्या बंपरला चिकटून जाता यायला लागलं.

तरी लीग उभी राहिली ती २०२० मध्येच. मार्चअखेर सगळं बंद, परदेशात खरे ड्रायव्हर सिमवर रेस करताना टीव्हीवर दिसायला लागले, मुंबई-पुण्याची पोरं गावाला अडकली, आणि रात्री जेवणं झाली की साडेदहाला रेस. कोणी व्हीलवर, कोणी पॅडवर, एक जण तर कीबोर्डवर. सगळे गेमने दिलेल्या डिफॉल्ट सेटअपवर, वाद नाही तंटा नाही. जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन-मंडणगड-दापोलीकडची लाईट कितीतरी दिवस आली नाही, तिकडचे ड्रायव्हर गायब. आम्ही त्यांचे पॉइंट धरून ठेवले.

ते परत येईपर्यंत खेळ बदलला होता. असेटो कोर्सात सेटअप म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल असते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते. आधी मित्रामित्रांत फिरल्या. मग कोणीतरी पैसे देऊन परदेशी ड्रायव्हरांचे सेटअप घेतले. मग दिसायला लागलं की क्वालिफायला (रेसआधी जागा ठरवायच्या लॅपना) दोन गट पडलेत, फाईल असलेले आणि नसलेले, आणि दोघांमध्ये लॅपला सेकंदभराचं अंतर. वादळवाल्यांचं म्हणणं साधं होतं, आम्ही मेणबत्तीत बसलो तेव्हा तुम्ही प्रॅक्टिस केली ते ठीक, पण गाडीसुद्धा वेगळी?

आणि मग तो निर्णय झाला. पुढच्या सीझनला सेटअप फिक्स. सर्व्हरवरच कुलूप.

या निर्णयावर मी जरा जास्त लिहिणार आहे. बाहेरून वाटतं की फिक्स म्हणजे गरिबांच्या बाजूचा न्याय. पण फिक्स हवं होतं कोणाला? बहुतेक चाकरमान्यांना. एव्हाना ऑफिसं उघडली होती, ते मुंबईला परतले होते, नेट झकास पण वेळ नाही, विरार लोकलने घरी पोचून जेवून थेट ग्रिडवर. गावातल्या पोरांकडे नेट रडकं पण रात्री मोकळ्या, ती दोन-दोन वाजेपर्यंत बसून मागचा रोल बार एक क्लिक, विंग एक क्लिक करत शिकली होती. त्यांची मेहनत एका कुलपाने शून्य झाली. मालवणकडचा एक जण बोलला ते अजून कोट होतं: ‘गाडी माजी आणि नट तू आवळतलंस?’

दुसरा मुद्दा, फिक्स करायचा तो सेटअप कोणाचा? कमिटीतल्या सगळ्यात फास्ट माणसाने बनवला. त्याने मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. पण त्याला गाडी मागून सैल आवडते, टोक पटकन आत जातं, मागचं थोडं घसरतं, ते तो व्हीलवर अलगद पकडतो. पॅडवाल्याला तीच गाडी दुसऱ्या गिअरच्या प्रत्येक वळणातून बाहेर पडताना भोवरा. म्हणजे सगळ्यांना समान चप्पल दिली, पण नंबर एकाच्याच पायाचा. सेटिंग फिक्सचा तो जुना विनोद इथे परत निघाला आणि कोणी हसलं नाही.

तिसरं, कुलूप पूर्ण नव्हतंच. ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी), ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू न देणारं), एबीएस हे चालत्या गाडीतून बदलता येतं. ज्याला ते ठाऊक होतं त्याने बायस एक-दोन टक्के पुढे घेऊन मागचं शांत केलं. आणि प्रेशर मात्र बंद. सेटअप बनवला सव्वीस डिग्री हवेवर. शेवटच्या राउंडला कोणीतरी सर्व्हरचं तापमान चौतीस ठेवलं. हवेच्या एका डिग्रीमागे प्रेशर साधारण शून्य पूर्णांक एक पीएसआय चढतं असं धरतात, म्हणजे पाऊण पीएसआयच्या वर, चारी टायर फुगून कडक, पाचव्या लॅपपासून सगळे तेलावरून चालल्यासारखे. कोणी म्हणेल सगळ्यांना सारखंच झालं ना. हो, पण रेस बघण्यासारखी राहिली नाही.

फिक्सच्या बाजूनेही खरं आहे ते लिहितो. त्या सीझनला नवीन लोक सर्वात जास्त टिकले. अपघात कमी झाले, कारण सगळ्यांचा ब्रेकिंग पॉइंट जवळपास एकच. आणि डॅम्पर म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस पहिल्या दहात येऊ शकला. बस.

२०२१ ने मग सगळंच विस्कटलं. मे महिन्यात तौक्ते वादळ, आधी सिंधुदुर्ग मग रत्नागिरी, रविवारची रेस गेली. २२ जुलैला चिपळूणला पूर, आमच्या एकाचा आख्खा रिग (व्हील, पेडल, मशीन सगळं) तळमजल्यावर होता, पाणी उतरल्यावर व्हीलमधून चिखल काढला त्याने. ग्राफिक्स कार्डांचे भाव तेव्हा असे की नवीन मशीन घे म्हणायची सोय नाही. वर्षअखेरीपर्यंत तो एका मित्राकडे जाऊन रेस करायचा. सेटअपवर भांडायला कोणाला जीव नव्हता, सीझन तसाच फिक्सवर संपला.

त्यानंतर मत घेतलं आणि अगदी थोडक्यात ओपन जिंकलं, पण एक अट घालून. गुरुवारी रात्री बारापर्यंत प्रत्येकाने आपली सेटअप फाईल सगळ्यांना दिसेल अशा फोल्डरला टाकायची, रविवारी तीच वापरायची, नंतर फक्त प्रेशर आणि फ्युएल बदलता येणार. म्हणजे ओपन, पण उघडं. कल्पना एफ-वनच्या पार्क फर्मेवरून उचलली, तिथे २००३ पासून क्वालिफायनंतर गाडीला फारसा हात लावू देत नाहीत.

याने तयारीची पद्धतच बदलली, हे नवीन लोकांनी नीट वाचा. सोमवार-मंगळवार बेस सेटअपवर नुसते लॅप मारायचे, काही बदलायचं नाही, लॅप टाइम दोन-तीन दशांशात स्थिर होईपर्यंत. मग एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि तीही रेसच्या फ्युएलवर. पन्नास लिटर पेट्रोल म्हणजे सदतीस-अडतीस किलो, रिकाम्या टाकीवर जी गाडी लोणी असते ती भरल्या टाकीवर नाक धरून सरळ जाते. फ्युएलचा हिशोब शाळेतला आहे, तीस मिनिटांची रेस, लॅप एक अठ्ठेचाळीसची, म्हणजे १०८ सेकंद, १८०० भागिले १०८ म्हणजे सतरा लॅप धरायच्या, लॅपला तीन लिटर तर एकावन्न, वर एका लॅपचं जादा, चोपन्न. दरवर्षी कोणीतरी पन्नास भरतो आणि शेवटच्या लॅपला कडेला उभा राहतो.

फायदा असा झाला की फोल्डर म्हणजे शाळाच झाली. पुढे असलेल्याची फाईल उघडून बघायची, त्याचा मागचा टो किती, विंग किती, आणि का. तोटा असा की शुक्रवारी दहा जण त्याच फाईलची कॉपी मारून पुढच्या आठवड्याला तेच टाकतात. आणि शेवटच्या मिनिटाला फाईल टाकायची कला काहींनी विकसित केली आहे, अकरा अठ्ठावन्न, म्हणजे कोणाला बघून बदलायला वेळ उरत नाही. नियमात बसतं. तरी चिडचिड होते.

अजून एक गोष्ट नियमात कधी आलीच नाही, ती म्हणजे खारी हवा. साध्या पेडलच्या आत पेडल किती दाबलं ते मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो, त्यावर गंज-धूळ बसली की ब्रेक न दाबता दहा टक्के दाबल्यासारखा दिसतो. माझं एक आख्खं वर्ष मी ब्रेक बायस बदलत घालवलं, शेवटी पेडल उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि पहिल्याच संध्याकाळी अर्धा सेकंद मिळाला. समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की आधी हे करा, मग रोल बारवर बोला.

सध्याचा वाद यातूनच आलाय. गुरुवारची मुदत शनिवारवर न्यायची मागणी आहे. मागणारे यावेळी गावातले आहेत, कारण आमच्याकडे मेंटेनन्सला लाईट जाते ती नेमकी गुरुवारी, आणि संध्याकाळी येईल म्हणून सांगतात ती रात्री नवाला येते. मुंबईवाले म्हणतात शनिवार केला तर उघडं ठेवण्याला अर्थ काय उरला, फाईल बघायची कधी. मधला तोडगा म्हणून शुक्रवार सुचवलाय, आणि शुक्रवारी मुंबईचे निम्मे लोक रात्रीच्या गाडीने गावाला निघालेले असतात. मत रविवारी, रेसच्या आधी, साडेनऊला.