खारं पाणी, सोडियम आणि एक भिंत

विदर्भाला समुद्र नाही, पण खाऱ्या पाण्याला तोटा नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने सुमारे 4.7 लाख हेक्टरांचा खारपाणपट्टा पसरला आहे. 1930 च्या एप्रिलमध्ये किनाऱ्यावरची माणसं समुद्राचं मीठ उचलत होती, तेव्हा अकोल्याच्या सत्याग्रहींनी दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून कायदा मोडला. म्हणूनच समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या बॅटरीची बातमी मोबाईलवर वाचून दाखवली, तेव्हा पारावर पहिला प्रश्न आला : "आपल्या इहिरीवर चालन का हे?"

प्रश्न करणाऱ्या काकांच्या वावरात रानडुकरांसाठी झटका मशीन आहे, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र. सोलर पॅनल दिवसा तिची बॅटरी भरतं, रात्री तार जागी राहते. बॅटरी बसली की काकांना स्वतः जागलीला जावं लागतं. दिवसाची वीज रात्रीसाठी ठेवायची कशात, हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न नाही.

मीठपाणी आणि वीज यांची ओळख तशी जुनी. 1800 मध्ये व्होल्टाने चांदी-जस्ताच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवून पहिली बॅटरी रचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणतीरांसाठी (टॉर्पेडो) मॅग्नेशियम आणि सिल्व्हर क्लोराइडच्या बॅटऱ्या आल्या. समुद्राचं पाणी आत शिरलं की त्या सुरू होत. पण दोन्हीकडे पाणी फक्त वाट देत होतं, झिजत होता धातू. काम एकदाचंच.

बॅटरी परत भरायची तर पाण्यातलाच सोडियम काढून साठवायचा, ही पुढची कल्पना. समुद्राच्या एका लिटरात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात साडेदहा ग्रॅमच्या आसपास सोडियम. माल फुकट, पण स्वभाव भयंकर. शाळेत सरांनी रॉकेलच्या बाटलीतून तुरीच्या दाण्याएवढा तुकडा काढून पाण्यात टाकला होता. तो फुसफुसत परातभर पळाला आणि पेटला. म्हणजे सोडियमचे आयन, अर्थात विद्युतभार असलेले कण, पलीकडे जाऊ देईल, पण पाण्याचा थेंब जाऊ देणार नाही, अशी भिंत हवी.

या बॅटरीचा खरा इतिहास त्या भिंतीचा आहे. 1967 मध्ये फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी बीटा-अ‍ॅल्युमिना या सिरॅमिकच्या आधाराने सोडियम-सल्फर बॅटरी मांडली. ती चालते 300 अंशांच्या वर, आतला सोडियम आणि गंधक वितळलेले ठेवून. 1976 मध्ये जॉन गुडइनफ आणि हाँग यांनी नॅसिकॉन बनवलं : सोडियम, झिर्कोनियम, सिलिकॉन, फॉस्फरस यांचं सिरॅमिक, ज्यात आयनांना तिन्ही दिशांनी बोळ मिळतात. गुडइनफना 2019 चं नोबेल लिथियम बॅटरीसाठी मिळालं. हे काम त्यामानाने झाकलेलंच राहिलं.

दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत यंगसिक किम यांच्या गटाने हीच भिंत समुद्राच्या पाण्यात उभी केली. 2014 पासून त्यांचे निबंध येऊ लागले. भरताना पाण्यातले सोडियम आयन नॅसिकॉन ओलांडून आत धातू होऊन बसतात. वापरताना ते परत पाण्यात उतरतात आणि बाहेरच्या कार्बनवर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. अडतं तिथेच : तो ऑक्सिजन लिटरमागे काही मिलिग्रॅमच, त्यामुळे वीज मंद निघते. शिवाय सिरॅमिक ठिसूळ, आणि समुद्रात पडलेल्या कशावरही शिंपले-शेवाळ चढतंच.

आता इहिरीचं. खारपाणपट्ट्यातलं पाणी जिभेला लागतं, त्यातला सोडियम काळ्या मातीचा कण फोडून निचरा बंद करतो, पण समुद्रापुढे ते फिकंच. क्षार कमी म्हणजे वीज वाहायला अडथळा जास्त. काकांच्या मशीनमध्ये सोडियम पोचलाच, तर तो आधी बंद डब्यातल्या सोडियम-आयन बॅटरीतून येईल, असं मला वाटतं. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने 2021 मध्ये आपली सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली आहे. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "डुकरं कवा थांबतीन ते सांग."