कॉम्पॅक्ट स्पोर्ट सेडान : पारखीचे निकष आले कोठून?

छोट्या आकाराच्या स्पोर्ट सेडानची पारख करताना आज जे प्रश्न सहज विचारले जातात, ते सारे एकाच वेळी जन्माला आलेले नाहीत. वजनाच्या मानाने ताकद किती, ती मागच्या चाकांना मिळते की पुढच्या, वळणावर गाडीचा तोल कसा राहतो, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो का, इतके सगळे असूनही मागे मोठी माणसे नीट बसतात का, यांतील प्रत्येक प्रश्नाला स्वतःचे दशक आहे आणि बहुधा स्वतःची एक गाडीही. नवी गाडी घेणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसला तरी निभावते, कारण त्याच्यापुढे फक्त रचना असते आणि पाठीशी वॉरंटी असते. वापरलेली गाडी घेणाऱ्याचे तसे नसते. ज्या रचनेमुळे एखाद्या पिढीची नवेपणी वाखाणणी झाली, अनेकदा त्याच रचनेच्या जागी ती पिढी वय झाल्यावर खर्च काढते.

आरंभ १९६०च्या दशकात झाला. ९ डिसेंबर १९५९ रोजी म्युनिकच्या बीएमडब्ल्यूच्या भागधारकांपुढे ही कंपनी डायमलर-बेंझच्या ताब्यात देण्याचा प्रस्ताव होता. तो बारगळला, कंपनीचे एक मोठे भागधारक हर्बर्ट क्वांट यांनी आपला हिस्सा वाढवला आणि १९६१च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘१५००’ ही चार दारांची मध्यम सेडान पुढे आली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या दोन्ही चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र सस्पेन्शन आणि वर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असलेले ८० अश्वशक्तीचे इंजिन, ही त्या काळच्या कुटुंबाच्या मोटारीत एकत्र सापडणारी सामग्री नव्हती. पुढच्याच वर्षी इटलीत आल्फा रोमिओची जुलिया आली. १५७० सीसीचे दोन कॅमशाफ्टचे ॲल्युमिनियम इंजिन, पाच गिअर, आणि दिसायला चौकोनी असूनही ०.३४ इतका कमी हवारोध गुणांक, अशी ती गाडी होती. मागचा ॲक्सल मात्र जुन्या पद्धतीचा, अखंड होता. व्यवहारी सेडानच्या पोटात शर्यतीच्या गाडीची यंत्रणा बसवण्याची कल्पना अशी दोन देशांत जवळजवळ एकाच वेळी रुजली.

तरीही ज्या गाडीमुळे हा वर्ग जगभर ओळखला जाऊ लागला, ती बीएमडब्ल्यूची ‘२००२’. १९६६ साली कंपनीने ‘१५००’पेक्षा आखूड आणि हलकी, दोन दारांची १६०० सीसीची गाडी आणली होती. इंजिनविभागाचे आलेक्स फॉन फाल्कनहाउझन आणि नियोजनाचे हेल्मुट वेर्नर ब्योन्श या दोघांनी, एकमेकांना न सांगता, स्वतःच्या वापरातल्या अशा गाडीत दोन लिटरचे इंजिन बसवून घेतले होते, असे कंपनीच्याच इतिहासात सांगितले जाते. अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन यांची मागणी वेगळ्या कारणाने तीच होती. दोन कार्ब्युरेटरची जोरदार १६०० सीसी आवृत्ती तेथील धुराच्या नियमांत बसत नव्हती आणि त्यांना ताकदवान गाडी हवी होती. १९६८ साली आलेल्या ‘२००२’मध्ये १०० अश्वशक्ती होत्या आणि वजन सुमारे एक टन होते. ताकदीचा आकडा एकटा न वाचता वजनाशेजारी ठेवून वाचावा ही सवय या वर्गाला तेव्हापासून लागली. माझ्या मते आजही जाहिरातीतील अश्वशक्तीपेक्षा नोंदणीच्या कागदावरचे वजन आधी पाहावे.

याच सुमारास जपानमधून आलेल्या डॅटसन ५१०ने आणखी एक प्रश्न उभा केला. १६०० सीसीचे ओव्हरहेड कॅम इंजिन, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे जर्मन गाडीचीच मांडणी, पण बऱ्याच कमी किमतीत. अमेरिकेसाठी मोठे इंजिन द्यावे म्हणून कंपनीचे तेथील प्रमुख युताका कातायामा यांनी मुख्यालयाशी वाद घातला. पुढे १९७१ आणि १९७२ साली पीट ब्रॉक यांच्या संघाकडून जॉन मॉर्टन यांनी याच गाडीने अमेरिकेतील ट्रान्स-ॲम या शर्यतमालिकेतील अडीच लिटरखालच्या गाड्यांचे विजेतेपद मिळवले. नावाचे पैसे किती आणि यंत्रणेचे किती, हा हिशेब ग्राहक तेव्हापासून मांडू लागले.

१९७३च्या तेलसंकटाने सगळ्यांनाच आवर घातला. त्याच वर्षी पुढे आलेली ‘२००२ टर्बो’ १,६७२ गाड्यांवर थांबली. १९७५ साली बीएमडब्ल्यूची पहिली ३-सीरीज आली, तीही दोनच दारांची. चार दारांची ३-सीरीज मिळायला १९८३ साल उजाडावे लागले. ज्या गाडीला सेडानवर्गाची मापपट्टी समजले जाते तिची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९८२च्या अखेरीस मर्सिडीज-बेंझने १९० ही आपली छोटी सेडान आणली आणि तिच्या मागच्या सस्पेन्शनने सगळ्या वर्गाची दिशा बदलली. तोवर बीएमडब्ल्यूच्या छोट्या गाड्यांमध्ये मागची चाके तिरप्या, त्रिकोणी बाहूंवर टांगलेली असत. ही रचना साधी आणि आटोपशीर होती, पण वेगात वळताना घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की भार पुढे सरके, मागचा भाग वर उचलला जाई, चाकांचे कोन बदलत आणि गाडीचे शेपूट बाहेर जाऊ पाही. ओल्या रस्त्यावर ही खोड अधिकच जाणवे. मर्सिडीजने प्रत्येक मागचे चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी धरले, त्यामुळे चाक वरखाली झाले तरी त्याचे कोन अभियंत्यांना हवे तसे राहू लागले. १९९०च्या ३-सीरीजमध्ये बीएमडब्ल्यूनेही तिरपे बाहू सोडून अनेक दांड्यांची रचना स्वीकारली आणि आज या वर्गातील बहुतेक गाड्या तशाच आहेत. मात्र दांड्या वाढल्या की प्रत्येक टोकाचे रबरी बुश आणि बॉल-जॉइंटही वाढतात आणि ते सगळे साधारण एकाच काळात सैल होतात. लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी सरळ रस्त्यावर भटकत असेल किंवा ब्रेक लावताना मागून बारीक ठकठक येत असेल, तर एखादा बुश बदलून भागत नाही, सगळा संच बदलण्याचा खर्च मनात धरूनच भाव करावा लागतो.

१९८०च्या दशकाची दुसरी देणगी शर्यतीच्या नियमांतून आली. ग्रुप ए या वर्गात गाडी उतरवायची तर तिच्या किमान ५,००० गाड्या वर्षभरात तयार कराव्या लागत. कॉसवर्थ या ब्रिटिश इंजिनकंपनीच्या सोळा-व्हॉल्व्ह इंजिनाची मर्सिडीज १९० ई २.३-१६ हिने १९८३ साली इटलीतील नार्दोच्या धावपट्टीवर ५०,००० किलोमीटर ताशी २४७ किलोमीटरहून अधिक सरासरीने पार केले आणि १९८६ साली बीएमडब्ल्यूची पहिली एम३ आली. या गाड्यांचे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, अगदी बाहेरचे पत्रेसुद्धा साध्या आवृत्तीपेक्षा वेगळे होते. त्यांच्या प्रतिष्ठेवर पुढे साध्या इंजिनाच्या गाड्यांना बंपर, चाके आणि चिन्हे चढवून ‘स्पोर्ट पॅकेज’ विकण्याची चाल पडली. म्हणून शोरूममध्ये पॅकेजचे नाव न विचारता स्प्रिंग, ब्रेक डिस्कचा व्यास, डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) आणि कूलिंग यांपैकी काय बदलले आहे ते विचारावे. उत्तर ‘काही नाही’ असे असेल, तर पैसे रूपाचे आहेत.

१९९२ साली आलेल्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन यांनी रॅलीच्या रस्त्याने वेगळीच शाखा काढली. दोन लिटरचे टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद आणि साध्या सेडानचे अंग, असा हा मेळ होता. वापरलेल्या बाजारात या शाखेची अडचण निराळी आहे. टर्बोचा दाब सॉफ्टवेअरने वाढवता येतो, म्हणून यांतील अनेक गाड्यांशी खेळ झालेला असतो आणि विकण्यापूर्वी मूळ भाग परत चढवलेले असतात. इंजिनखान्यात इतर सगळे जुने असताना हवेच्या नळ्यांचे क्लॅम्प तेवढे नवे दिसले, बोल्टांच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे असले आणि क्लच कमी किलोमीटरमध्ये बदललेला असला, तर गाडीचे पूर्वायुष्य विक्रेत्याच्या सांगण्यापेक्षा रंगीत असण्याचीच शक्यता जास्त.

ऑडी ए४ (१९९४) आणि जपानमध्ये टोयोटा अल्टेझा या नावाने निघालेली लेक्सस आयएस (१९९८) यांच्या आगमनाने ग्राहकाला खरी निवड मिळाली. ऑडीचे इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असल्याने तिचे नाक जड असे. ही तक्रार दूर करायला कंपनीला २००७च्या ए४पर्यंत वेळ लागला, जिच्यात पुढचा ॲक्सल सुमारे १५ सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. १९९०च्या दशकात अमेरिकेत अशा गाड्या विकत घेण्याऐवजी दोन-तीन वर्षांच्या भाडेकरारावर घेण्याची पद्धत वाढली, मुदत संपलेल्या गाड्या कंपन्यांकडे परत येऊ लागल्या आणि त्यांतून तपासून, वॉरंटीसह विकल्या जाणाऱ्या प्रमाणित जुन्या गाड्यांचा बाजार उभा राहिला. नवी आणि वापरलेली यांच्यामध्ये हा तिसरा पर्याय तेव्हापासून आहे. त्यात एक खाच आहे : तीन वर्षांनी परतच करायची गाडी पहिला मालक कशी सांभाळेल, हे त्याच्या स्वभावावर सोडलेले असते, आणि तेल बदलण्याचे अंतर कंपनीने लांबवलेले असेल तर नोंदवही निर्दोष असूनही इंजिनाने जुन्या तेलावर बरेच दिवस काढलेले असू शकतात.

१९९८ साली आलेली, कंपनीच्या सांकेतिक नावाने ई४६ म्हटली जाणारी ३-सीरीजची पिढी अनेक जाणकार या वर्गाचा उत्तम नमुना मानतात आणि मलाही ते पटते. सहा सिलिंडर एका ओळीत, हायड्रॉलिक स्टिअरिंग, आटोपशीर बांधा. पण तिचे दुखणे जागोजाग नोंदलेले आहे. कूलंटची टाकी आणि जोडनळ्या प्लॅस्टिकच्या आहेत. उष्णतेने त्या ठिसूळ होतात आणि बहुधा आगाऊ सूचना न देता फुटतात. टाकीच्या सांध्यावर वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर दिसला तर तीच सूचना समजावी. दुसरे दुखणे खोल आहे : सुरुवातीच्या वर्षांतील गाड्यांत मागचे सस्पेन्शन ज्या चौकटीवर बसते, ती चौकट जिथे गाडीच्या तळाला जोडलेली असते तिथला पत्रा तडकतो. गाडी लिफ्टवर चढवून, माती पुसून, त्या जोडांभोवती टॉर्च मारल्याशिवाय ही तड दिसत नाही, आणि ती दुरुस्त करायला मागचे सगळे सस्पेन्शन उतरवावे लागते.

२००६ नंतरची मोठी घडामोड इंजिनात झाली. धूर आणि इंधनाचे नियम कडक होत गेले, तसे मोठ्या साध्या इंजिनांची जागा टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांनी घेतली. त्या वर्षीच्या बीएमडब्ल्यू ३३५आयमध्ये ३०६ अश्वशक्ती होत्या आणि तिचे कौतुकही तसेच झाले. पुढे उच्च दाबाच्या इंधनपंपासाठी २०१० साली अमेरिकेत या इंजिनाच्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इंधन थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साठते, हा या पद्धतीचा अंगभूत दोष. २००५च्या लेक्सस आयएस ३५०मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन फवारे, एक आत आणि एक हवेच्या मार्गात, देऊन तो टाळला होता. २०११च्या सुमारास बीएमडब्ल्यूने सहाऐवजी चार सिलिंडरचे दोन लिटर टर्बो इंजिन आणले, त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक झिजतात. म्हणून पाहायला गेल्यावर इंजिन आधीच तापवून ठेवलेले असेल, तर पुन्हा यावे आणि थंड इंजिन स्वतः सुरू करून पहिल्या काही सेकंदांतील खडखड ऐकावी.

त्याच काळात हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन विजेवर चालणारे आले. त्याने इंधन वाचले, आपोआप पार्किंग आणि लेन सांभाळण्याची सोय झाली, पण रस्त्याची जाणीव हातापर्यंत पोहोचणे कमी झाले आणि समीक्षकांनी २०१२च्या ३-सीरीजवर नेमके यासाठी बोट ठेवले. आकारही वाढत गेला. १९८२ची ३-सीरीज सुमारे ४.३३ मीटर लांब होती, २०१८ची ४.७१ मीटर आहे. ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द उरला तो वर्गाचे नाव म्हणून. हाताने टाकायचे गिअरही बहुतेक बाजारांतून गेले आहेत, त्यामुळे ते हवे असणाऱ्याला आता वापरलेल्या गाड्यांकडेच वळावे लागते.

या प्रवाहाला छेद देण्याचा एक ठळक प्रयत्न २०१५ साली दाखवलेल्या नव्या आल्फा जुलियाने केला : मागच्या चाकांना ताकद, कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्ट आणि हाताच्या थोड्या वळणाला लगेच प्रतिसाद देणारे स्टिअरिंग. दोन वर्षांनी आलेल्या टेस्ला मॉडेल ३ने मात्र मोजमापच पालटले. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली जातो आणि शून्य ते शंभरचा वेग, ज्यासाठी पूर्वी वेगळे पैसे मोजावे लागत, तो साध्या आवृत्तीतही मिळतो; पण मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीचे वजन पावणेदोन टनांच्या घरात जाते आणि ते टायर व सस्पेन्शनच्या झिजेत दिसते. वापरलेली घेणाऱ्याचा पहिला प्रश्न येथे इंजिनावरून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेवर सरकतो. कंपनीची बॅटरीवरील हमी आठ वर्षांची, ठरावीक अंतरापर्यंत आणि ७० टक्के क्षमतेला बांधलेली आहे, म्हणजे २०१७-१८ सालच्या पहिल्या गाड्या आता हमीबाहेर पडल्या आहेत किंवा पडण्याच्या बेतात आहेत, आणि त्या घेताना पूर्ण चार्जवर दिसणारे अंतर नव्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नयेत.