नदी एक, नियमावल्या दोन

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांभोवतीच्या उपनगरांत रस्त्याच्या अलीकडचं घर एका नगरपालिकेत आणि पलीकडचं दुसरीत, हे नेहमीचंच. ओढा मात्र दोघांचा एकच. तरी एका घराचं जोतं समोरच्यापेक्षा दोन फूट उंच दिसतं, कारण पूरक्षेत्रातल्या बांधकामाची तिथली नियमावली वेगळी.

१९६८ सालच्या राष्ट्रीय पूरविमा योजनेनं तिच्यात सामील झालेल्या सर्व नगरपालिकांना किमान अट घातली आहे. जो पूर कुठल्याही वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते, त्याच्या पातळीच्या खाली नव्या घराचा तळमजला नको. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्के भरते. म्हणून काही शहरं त्यावर आणखी फूट-दोन फूट वाढवून मागतात. हार्वे वादळानंतर ह्यूस्टननं २०१८ मध्ये तर मोजमापच बदललं: आता पूरक्षेत्रातल्या नव्या घराचा तळमजला वर्षाला ०.२ टक्के शक्यता असलेल्या पुराच्या पातळीपेक्षा दोन फूट वर हवा.

तुलना करताना सगळे या उंचीकडेच पाहतात. माझ्या मते खरी मेख भरावात आहे. जोतं उचलायचं तर बरेचदा माती टाकतात. २० मीटर बाय ३० मीटरचा प्लॉट एक मीटर भरला, की पुराच्या वेळी तिथं मावणारं ६०० घनमीटर पाणी दुसरीकडे जागा शोधतं. असे शंभर प्लॉट भरले तर ६०,००० घनमीटर, म्हणजे सहा कोटी लिटर. भराव घालणारा कोरडा राहतो. पाणी चढतं शेजाऱ्याकडे, आणि पाण्याला हद्द कळत नाही.

देशपातळीवरचा नियम याला बरीच मोकळीक देतो. नदीपात्र आणि त्यालगतचा वाहता पट्टा मोकळा ठेवायचा, बाकीच्या कडेच्या भागात भराव चालतो. सगळ्यांचा मिळून पूर एक फुटापेक्षा जास्त चढला नाही म्हणजे झालं. इलिनॉय राज्यात हीच मर्यादा एक दशांश फूट आहे. तिथल्या ड्यूपेज काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तर पूरक्षेत्रात जेवढी जागा भराल तिच्या दीडपट जागा खोदून पाण्याला परत द्यावी लागते. बिल्डरांना हे महाग पडतं, उघडच आहे. पण शेजारच्या शहरानं एक फुटाची सूट पुरेपूर वापरली, तर तुम्ही पदरमोड करून वाढवलेल्या जोत्यातला तेवढा फूट तो चढलेला पूरच खाऊन टाकतो.

जुन्या घरांसाठी पन्नास टक्क्यांचा नियम आहे: दुरुस्तीचा किंवा वाढीव बांधकामाचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, की ती नव्या नियमांत बसवावी लागते. इथंही पळवाट आहेच. स्वयंपाकघर यंदा, छप्पर पुढच्या वर्षी, असे तुकडे पाडले की आकडा निम्म्याखाली राहतो. काही शहरं अनेक वर्षांच्या परवान्यांचा खर्च एकत्र धरतात, काही प्रत्येक परवाना सुटा मोजतात. एवढ्या एका कलमामुळे सारख्याच वयाच्या दोन वस्त्यांपैकी एकीतली घरं हळूहळू वर उचलली जातात आणि दुसरीतली जुन्या पातळीवरच राहतात.