"बाहेर सर्व्हिस केली की वॉरंटी जाते" हे आलं कुठून?

नव्या गाडीची चावी देताना हे वाक्य हमखास ऐकवलं जातं, आणि इतक्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय की लोकांना तो कायदाच वाटतो. तसा कायदा कुठेच नाहीये. उलट गेल्या पन्नासेक वर्षांत बऱ्याच ठिकाणी अशी अट घालायलाच बंदी आलीय, ती कशी आली ते बघू.

आधी एक गोष्ट वेगळी काढू, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. वॉरंटीतलं फुकट काम, म्हणजे कंपनीच्या चुकीने गेलेला पार्ट बदलणं, ते ऑथराइज्ड सेंटरलाच होणार, कारण पैसे कंपनी देतेय, त्यावर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो आपण खिशातून पैसे देऊन करतो त्या सर्व्हिसचा, म्हणजे ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड वगैरे.

वॉरंटी ही मुळात ग्राहकाच्या सोयीसाठी जन्मली असं वाटत असेल तर तसं नाही. अमेरिकेत १९५०च्या दशकात कार कंपन्यांच्या संघटनेने सगळ्यांसाठी एकच मजकूर ठरवून ठेवला होता, ९० दिवस किंवा ४,००० मैल, त्यात काही बिघडलं तर तो पार्ट स्वतःच्या खर्चाने कारखान्यात पाठवायचा, कंपनीला पटलं तर बदलून मिळणार आणि त्यापलीकडे आमची कसलीही जबाबदारी नाही. म्हणजे कागद हमीचा आणि काम हात झटकायचं! मे १९५५ मध्ये न्यू जर्सीत एका जोडप्याने नवी प्लिमथ (क्रायस्लर कंपनीची कार) घेतली, दहाच दिवसांत गाडीच्या पुढच्या बाजूला खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, गाडी वळून भिंतीवर गेली आणि बाई जखमी झाल्या. कंपनीने हाच कागद पुढे केला. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने तो उडवून लावला, सगळ्या कंपन्यांचा मजकूर एकच असेल तर ग्राहकाने जायचं कुठे, असा साधारण मुद्दा होता.

साधारण त्याच सुमारास कंपन्यांना कळलं की वॉरंटी हे विक्रीचं हत्यार आहे. फोर्डने १९६१च्या मॉडेल्सना १२ महिने किंवा १२,००० मैल दिले, क्रायस्लरने १९६३च्या मॉडेल्सना इंजिन-गिअरबॉक्सवर थेट ५ वर्षं किंवा ५०,००० मैल. पण पाच वर्षं गाडी सांभाळायची म्हणजे खर्च आला, आणि खर्चामागून अटी आल्या. क्रायस्लरच्या वॉरंटीत ऑइल वेळेवर बदलायचं आणि दर सहा महिन्यांनी त्याचा पुरावा डीलरकडे नेऊन नोंद करून घ्यायची, असं होतं. माझ्या मते आजच्या भीतीचं मूळ इथेच आहे. "गाडी नीट सांभाळ" ही अट रास्तच आहे, पण पुरावा डीलरच तपासणार म्हटल्यावर तिचं हळूहळू "आमच्याकडेच सांभाळ" कधी झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वॉरंटीबद्दल तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारातली फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) कार वॉरंटीवर वेगळा रिपोर्ट काढला, आणि शेवटी मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा झाला. सिनेटर वॉरन मॅग्नसन आणि काँग्रेसमन जॉन मॉस यांच्या नावाचा, ४ जानेवारी १९७५ला सही झाली, सही करणारे राष्ट्राध्यक्ष आडनावाने फोर्ड, हा निव्वळ योगायोग. कलम सरळ आहे, विशिष्ट ब्रँडचा पार्ट किंवा विशिष्ट ठिकाणची सर्व्हिस वापरली तरच वॉरंटी, असं म्हणता येणार नाही, म्हणायचंच असेल तर तो पार्ट किंवा ती सर्व्हिस फुकट द्या, नाहीतर कमिशनची खास परवानगी आणा. इतका स्पष्ट कायदा असूनही चाळीस वर्षांनी, २०१५ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागावर याच कलमाखाली कारवाई झाली आणि कंपनीने ती तडजोडीने मिटवली. म्हणजे सवय किती चिवट आहे बघा.

युरोप वेगळ्या दाराने शिरला. तिथे ग्राहक कायद्यापेक्षा स्पर्धा कायद्याचा, म्हणजे कंपन्यांना मक्तेदारी करू न देणाऱ्या कायद्याचा जोर. पूर्वी डीलरने गाडी विकायची आणि सर्व्हिसही करायची, अशी जोडी बांधायची मुभा कंपन्यांना होती, ती २००२च्या १४०० नंबरच्या नियमाने तोडली. मग २०१०च्या नियमाबरोबर आलेल्या मार्गदर्शक सूचनांत वॉरंटीचं थेट नाव घेऊन लिहिलं की वॉरंटीत न बसणारं काम आमच्या ऑथराइज्ड सेंटरमध्येच करा, किंवा त्या कामाला आमचेच पार्ट वापरा, अशी अट स्पर्धेच्या नियमांत अडकू शकते. त्या नियमाची मुदत आता २०२८पर्यंत वाढवलीय.

आता भारत. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे (आपल्याकडे स्पर्धा कायदा राबवणारी सरकारी संस्था) तीन कार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली, स्पेअर पार्ट्स आणि डायग्नोस्टिक टूल्स (बिघाड शोधायची यंत्रं) बाहेरच्या गॅरेजना मिळतच नाहीत म्हणून. चौकशी वाढत वाढत १७ कंपन्यांपर्यंत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ला १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड झाला, त्यातला निम्म्याहून जास्त, १,३४६.४६ कोटी, एकट्या टाटा मोटर्सचा. कंपन्यांचं म्हणणं होतं की ग्राहक गाडी घेतानाच पुढच्या मेंटेनन्सचा हिशोब करतो, त्यामुळे गाडी आणि स्पेअर हे एकच मार्केट. (असा हिशोब करून गाडी घेणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, लोक मायलेज विचारतात आणि रंग बघतात.) आयोगालाही ते पटलं नाही. एकदा गाडी घेतली की माणूस अडकला, आणि स्वतःच्या गाड्यांच्या स्पेअरमध्ये प्रत्येक कंपनी दादाच.

दंडाच्या आकड्यामुळे त्या ऑर्डरमधला वॉरंटीचा भाग मागे पडला, खरं तर आपल्या कामाचा तोच. आयोगाने सांगितलं की बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालायची नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढे प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं, डिसेंबर २०१६ मध्ये आयोगाच्या निर्णयांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपिलेट ट्रिब्युनलने टोयोटा, फोर्ड आणि निसानचा दंड कमी केला पण दोष कायम ठेवला.

त्या "तेवढ्यापुरतीच" मध्येच व्यवहारातली सगळी भांडणं आहेत. बाहेर ऑइल बदललं म्हणून एसीचा क्लेम नाकारता येत नाही, पण चुकीच्या ग्रेडचं ऑइल टाकून टर्बो (इंजिनाची ताकद वाढवणारा पार्ट) गेला तर तो नाकारतील आणि ते बरोबरच आहे. ॲक्सेसरीवाल्याने हॉर्न नाहीतर लाइट बसवताना वायरिंग कापली, तरी तेच. म्हणून बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि पार्ट नंबर असावा, "सर्व्हिसिंग केले" एवढंच लिहिलेली चिठ्ठी उपयोगाची नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी हा बऱ्याचदा पैसे देऊन घेतलेला वेगळा करार असतो, त्याच्या अटी वेगळ्या वाचायच्या.

आणि आता स्टॅम्प मारायचं सर्व्हिस बुकही जातंय, रेकॉर्ड कंपनीच्या सर्व्हरवर, तिथे बाहेरचा मेकॅनिक लिहिणार कसा? युरोपात सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या २०१८/८५८ या नियमात याचं उत्तर आहे, असं रेकॉर्ड सेंट्रल डेटाबेसमध्ये ठेवलं असेल तर स्वतंत्र गॅरेजला ते फुकट बघता आलं पाहिजे आणि आपण केलेलं काम त्यात नोंदवताही आलं पाहिजे.