'ओपन'ला जपानीत काय म्हणायचं?

इंग्रजी मेन्यूतलं 'ओपन' म्हणजे संगणकाला दिलेला हुकूम: फाइल उघड. जपानीत त्याचं थेट आज्ञार्थी रूप 'हिराके'. पण ते दारावर थाप मारून दरडावल्यासारखं ऐकू येतं. नम्र रूप 'हिराइते कुदासाई', म्हणजे 'कृपया उघडा'. ते मेन्यूच्या चिंचोळ्या पट्टीत मावणार नाही, आणि यंत्राचं इतकं आर्जव करणार तरी कोण? म्हणून तिथे 'हिराकु' दिसतं, शब्दकोशात असतं ते साधं रूप. त्याला कर्ता लागत नाही. उघडतो, उघडते, उघडीन, उघडणे, काहीही समजा. कोण कोणाला हुकूम सोडतंय हा प्रश्नच उरत नाही. मराठी फोनवर 'हटवा' किंवा 'रद्द करा' वाचताना मला मात्र दर वेळी शंका येते, हे मी फोनला सांगतोय की फोन मला?

चिनी मुळाचं नाम हाताशी असलं की क्रियापदाचीही गरज पडत नाही. 'सेव्ह'ला 'होझोन', म्हणजे जतन.

'कट-पेस्ट'ला विंडोजवर 'किरितोरि' आणि 'हारित्सुके' म्हणतात. कात्री आणि डिंक डोळ्यांपुढे येतात. मॅकवर सरळ 'कात्तो' आणि 'पेसुतो'. 'अनडू'त गंमत जास्त आहे. विंडोज म्हणतं 'मोतो नि मोदोसु', होतं तसं करणे. मॅक म्हणतं 'तोरिकेसु', बोललेला शब्द मागे घ्यावा तसं. 'तोरिकेसु'चा अर्थ रद्द करणे असाही होतो, पण 'कॅन्सल'च्या बटणावर 'क्यान्सेरु' असतं, म्हणून निभावतं.

ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं आपल्याकडेच होतात असंही नाही. परके शब्द लिहायच्या काताकाना लिपीत 'कॉम्प्युटर' लिहिताना शेवटचा स्वर लांबवणारी रेघ तांत्रिक लेखनात गाळायची पद्धत होती. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती लिहायचं ठरवलं.

खरी अडचण येते कीबोर्डवरून मेन्यू उघडताना. कोणती कळ दाबायची ते दाखवायला इंग्रजीत 'फाइल'मधलं एफ अधोरेखित केलं की झालं. जपानी लिपीत एफ आणायचं कुठून? मग विंडोजच्या मेन्यूत शब्दामागे कंस करून त्यात रोमन अक्षर ठेवतात: 'फाइरु'पुढे एफ, 'हिराकु'पुढे ओ. 'हिराकु'त ओ कुठेच नाही. तो, ज्याला हटवून 'हिराकु' आणलं, त्या 'ओपन'चा आहे.