सफारी छायाचित्रण, पूर्व आफ्रिकेतील

केनिया व टांझानिया या देशांतील राष्ट्रीय उद्यानांत आणि राखीव क्षेत्रांत वाहनातून फिरत वन्य प्राणी व भूदृश्ये टिपण्याची पद्धत. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर, नामिबियातील इटोशा व बोट्स्वानातील ओकावांगो येथेही ती रूढ आहे. परंतु तेथील प्रकाश, वाटा व नियम निराळे असल्याने प्रस्तुत नोंद पूर्व आफ्रिकेपुरती मर्यादित आहे.

स्वाहिलीत ‘सफारी’ म्हणजे केवळ प्रवास. कामानिमित्त नैरोबीहून मोंबासाला जाणे हीही सफारीच. शब्दाचे मूळ अरबी ‘सफर’मध्ये आहे, याविषयी फारसे दुमत नाही. मराठीतील ‘सफर’ फारसीच्या वाटेने त्याच मुळातून आला, म्हणजे मराठीने एकच शब्द दोन वाटांनी दोनदा घेतला. इंग्रजीत ‘सफारी’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश प्रवासी रिचर्ड बर्टन याच्या १८५० च्या दशकाच्या अखेरीच्या पूर्व आफ्रिकेतील प्रवासाला दिले जाते. शिकारीची मोहीम हा अर्थ मात्र अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या १९०९–१० च्या गाजलेल्या दौऱ्यानंतरच पक्का झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आफ्रिकेतील पहिला वन्यजीव छायाचित्रकार कोण, हा प्रश्न ‘वन्यजीव छायाचित्र’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. जेम्स चॅपमन याने १८६० च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण भागात कॅमेरा नेला होता. पण त्या काळी छायाचित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या, रसायनाने ओल्या असलेल्या काचपट्ट्यांना लागणारा वेळ पाहता मोकळे, हलते जनावर नीट टिपणे जवळजवळ अशक्यच होते. एडवर्ड नॉर्थ बक्स्टन याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात बंदुकीऐवजी कॅमेरा वापरण्याचा पुरस्कार केला, त्यामुळे काही अभ्यासक त्याला अग्रमान देतात. कार्ल गेओर्ग शिलिंग्स या जर्मन शिकाऱ्याने तत्कालीन जर्मन पूर्व आफ्रिकेत मॅग्नेशियमच्या चमकचूर्णाच्या उजेडात सिंहांची रात्रीची छायाचित्रे घेतली. ती १९०५ च्या सुमारास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यासाठी त्याने गाढवे व बैल आमिष म्हणून बांधले होते, आणि त्याच मोहिमांत त्याने शिकारही केली. विचाराचा मान बक्स्टनला आणि तंत्राचा शिलिंग्सला देणे, हाच त्यातल्या त्यात न्याय्य निवाडा होय. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातल्यावर तेथील सफारी प्रायः कॅमेऱ्याचीच झाली.

या भूभागातील छायाचित्राचे यश प्रथम सूर्यावर ठरते. केनियातील मसाई मारा हे राखीव क्षेत्र विषुववृत्तापासून सुमारे दीड अंश दक्षिणेस असल्याने तेथे वर्षभर साडेसहाच्या आगेमागेच उजाडते आणि सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, तासाला सुमारे १५ अंश. मुंबई-पुण्याच्या हिवाळ्यातील उन्हाप्रमाणे तेथील कोवळे ऊन रेंगाळत नाही. दीड-दोन तासांत सावल्या आखूड व कडक होतात. त्यानंतर तापलेल्या जमिनीवरील हवेच्या थरांमुळे दूरची प्रतिमा थरथरते, आणि कितीही महागडी लेन्स लावली तरी हा दोष जात नाही. यावर जवळ जाणे किंवा दुपारी कॅमेरा ठेवून देणे एवढेच उपाय आहेत. म्हणूनच जाणकार अंधारातच निघतात आणि न्याहारी सोबत बांधून घेतात.

भूदृश्याचे उत्तम उदाहरण अंबोसेलीचे आहे. किलिमांजारो (५,८९५ मी.) टांझानियात असला तरी त्याचे नावाजलेले दर्शन सीमेपलीकडील या केनियन उद्यानातून, सुमारे ४० किमी. अंतरावरून होते, मात्र ढग दाटण्यापूर्वी, म्हणजे बहुधा पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास. तीन मीटर उंचीचा हत्ती ३० मी. अंतरावर असल्यास डोळ्याला जवळजवळ पर्वताएवढाच उंच दिसतो, तर १०० मी. अंतरावर गेल्यास पर्वताच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढा. त्यामुळे हत्तीच्या पाठीमागे पर्वत भव्य दिसावा असे वाटत असल्यास गाडी मागे घेऊन लांब पल्ल्याची लेन्स वापरावी लागते. नवशिके नेमके उलट करतात. ते हत्तीजवळ जाऊन रुंद कोनाची लेन्स लावतात आणि पर्वत टेकडीएवढा करून टाकतात.

प्राण्यांसाठी साधारणतः ४०० ते ६०० मिमी. केंद्रांतराची, म्हणजे लांब पल्ल्याची, लेन्स वापरतात. वाहनात तिपाईला जागा नसते. खिडकीच्या किंवा उघड्या छताच्या कडेवर तांदूळ किंवा घेवडा भरलेली पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवतात आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगतात. धावत्या चित्त्यासाठी सेकंदाच्या एक हजारांशाहून जलद शटर लागते. उलट धावत्या झेब्र्यांबरोबर कॅमेरा फिरवत तिसांश-साठांश सेकंदाला टिपल्यास पार्श्वभूमी रेघारेघांनी पुसली जाते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करडे धरतो. त्यामुळे चौकटभर काळ्या रेड्यांचा कळप फिकट, आणि उजळ आकाशापुढे फांदीवर बसलेला बिबळ्या काळाठिक्कर उतरतो. पहिल्या वेळी एक्स्पोजर (छायाचित्रात घेतला जाणारा प्रकाश) एका टप्प्याने, म्हणजे निम्म्याने, कमी, तर दुसऱ्या वेळी दीड-दोन टप्प्यांनी जास्त करावे लागते. ताडोब्याच्या साग-बांबूच्या सावलीत हात बसलेल्यांना ही दुसरी अडचण सुरुवातीला विशेष जाणवते.

अंबोसेलीतील कोरड्या सरोवरतळाची धूळ पिठासारखी बारीक असते. ती लेन्सला मारक, पण मागून ऊन असल्यास छायाचित्राला तारक ठरते. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळण्याची आपल्याकडील सवय मात्र तेथे चालत नाही. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. कापडी पिशवी किंवा उशीचा अभ्रा पुरेसा होतो.

जुलै ते ऑक्टोबर या काळात वाइल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप मारा नदी ओलांडतात, तेव्हा काठावर गाड्यांची दाटी होते आणि कित्येकदा कळप उतारावरूनच माघारी फिरतो. दिवसा शिकार करणाऱ्या चित्त्याला या गर्दीचा त्रास अधिक होतो. माराच्या परिसरातील चित्त्यांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पर्यटक फार असलेल्या भागात मादीची दर वेतातील सरासरी ०.२ पिल्लेच स्वतंत्र होईपर्यंत जगली, तर पर्यटक कमी असलेल्या भागात हेच प्रमाण २.३ होते. गेंड्याच्या छायाचित्रासोबत ठिकाण जाहीर न करण्याचा संकेत चोरट्या शिकारीमुळे रूढ झाला आहे. वाट सोडून गाडी नेणे व रात्री फिरणे राखीव क्षेत्रात सामान्यतः निषिद्ध असले, तरी मसाई माराच्या सीमेलगत मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेल्या संवर्धनक्षेत्रांत त्याला मर्यादित मुभा असते.